तटानुगामी नौकानयनातील आश्रयतत्त्व

१. संज्ञानिश्चय

शिडाच्या नौकेने किनाऱ्याच्या अनुरोधाने प्रवास करणे व मार्गातील बंदरांत मुक्काम करीत पुढे जाणे, या व्यवहारास प्रस्तुत विवेचनात तटानुगामी नौकानयन अशी संज्ञा दिली आहे. त्याची लक्षणे तीन : (१) चालक शक्ती वारा असणे, (२) मार्ग किनाऱ्याच्या सान्निध्यात असणे, (३) बंदरे प्रवासाच्या दोन टोकांपुरती मर्यादित नसून प्रवासाच्या अंगभूत असणे. पहिले लक्षण वगळल्यास यांत्रिक जलवाहतूक उरते, दुसरे वगळल्यास महासागरी नौकानयन, आणि तिसरे वगळल्यास नुसती मालवाहतूक किंवा शर्यत.

आणखी तीन संज्ञांचा भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. ज्या जलभागात लाटेचा जोर पोचत नाही, तळ नांगर धरतो, खोली नौकेस पुरते आणि ज्यात शिरण्याची वाट सापडते, तो जलभाग म्हणजे आश्रय. जेथे आश्रयाला चढउताराच्या सोयीची जोड मिळते, ते बंदर. बंदरापासून देशाच्या अंतर्भागाकडे वाहता मार्ग असेल आणि त्या मार्गावरील व्यवहारावर वस्ती पोसली जात असेल, तर ते बंदरनगर. आश्रय निसर्गाने घडतो, बंदर श्रमाने आणि बंदरनगर व्यापाराने. प्रत्येक पुढची पायरी मागचीवर अवलंबून आहे. मागची मात्र पुढचीवर अवलंबून नाही. व्यापार सरला तरी बंदर राहते, धक्का खचला तरी आश्रय राहतो. पण आश्रय गाळाने भरला की वरच्या दोन्ही पायऱ्या कोसळतात.

प्रतिपाद्य प्रमेय असे : तटानुगामी प्रवास अंतराने मोजता येत नाही, तो आश्रयांनी मोजावा लागतो. सिद्धतेसाठी अन्वय व व्यतिरेक या दोन्ही रीतींचा अवलंब केला आहे. अन्वयाची उदाहरणे कोकणकिनारा व परदेशी बंदरे यांची आहेत. व्यतिरेकाचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या परिसरातील आहे.

२. अंतर हे माप अपुरे का

अंतराची अपूर्णता तीन कारणांनी सिद्ध होते.

पहिले कारण भूमितीचे. किनारा ही सरळ रेषा नसल्याने तिची लांबी मोजणीच्या सूक्ष्मतेबरोबर बदलते. भारताच्या किनाऱ्याची लांबी अनेक दशके ७,५१६.६ किलोमीटर मानली जात होती. अलीकडच्या सूक्ष्मतर मोजणीत ती ११,०९८.८१ किलोमीटर ठरली. किनारा वाढलेला नाही. खाड्या व वळणे अधिक बारकाईने मोजली गेली, एवढेच. जी राशी मोजणाऱ्याच्या पट्टीबरोबर बदलते, ती प्रवासाचा आधार होऊ शकत नाही.

दुसरे कारण वाऱ्याच्या दिशेचे. कोणतीही शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. आधुनिक नौका वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन राखून पुढे सरकते. जुन्या धाटणीच्या पडावांना त्याहून मोठा कोन लागे. अशा वेळी आळीपाळीने डावीउजवीकडे तिरपे जावे लागते. प्रत्येक तिरपा टप्पा ४५ अंशांचा धरला तर नौकेने कापलेले अंतर सरळ अंतराच्या सुमारे १.४ पट होते. म्हणून उत्तरेचा वारा असताना मुंबईहून गोव्यास जाणे आणि गोव्याहून मुंबईस येणे, या दोन प्रवासांचे अंतर नकाशावर एकच आणि पाण्यावर भिन्न असते.

तिसरे कारण काळाचे. जमिनीवरील मार्ग दिवसाच्या सर्व वेळी व बहुधा सर्व ऋतूंत तोच राहतो. जलमार्ग विशिष्ट काळी उघडतो व विशिष्ट काळी मिटतो. या कारणाचे उपविभाग अनेक असल्याने त्याचा स्वतंत्र विचार करणे प्राप्त आहे.

३. कालविभाग

प्रवासाचा काळ तीन चक्रांनी नियंत्रित होतो.

(१) ऋतुचक्र. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्राकडून कोकणकिनाऱ्यावर आदळतो. ज्या किनाऱ्याकडे वारा नौकेस लोटतो, त्याला वाऱ्याखालचा किनारा म्हणावे. पावसाळ्यात संपूर्ण कोकण हा वाऱ्याखालचा किनारा असतो. म्हणून आगोटीपूर्वी नौका ओढून घेणे आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या पुन्हा खुला मानणे, ही रीत रूढ झाली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. तिचा मुख्य हेतू माशांच्या प्रजननाचे रक्षण हा आहे, तरी कालखंड त्याच ऋतूत येतो.

(२) दिनचक्र. पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांत दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे वाहतात. कोकणात ते दुपारनंतर बहुधा वायव्येकडून येतात. रात्री जमीन निवते आणि पहाटेपर्यंत मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. दक्षिणेकडे जाणाऱ्यास दुपारचा वारा अनुकूल. उत्तरेकडे जाणाऱ्याने पहाटेच्या मतलईवर निघावे आणि वायव्येचा जोर होण्यापूर्वी आश्रय गाठावा, असा नियम त्यातून निष्पन्न होतो.

(३) चांद्रचक्र. भरतीओहोटी दिवसातून दोनदा होते व रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. मुंबई व कोकणच्या बाजूस तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची स्थूल वेळ मिळते : चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास. अमावास्या व पौर्णिमेस उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग असते. भरतीओहोटीतील उंचीचा फरक उत्तरेकडे वाढत जातो. उधाणात गोव्यास तो सुमारे २ मीटर, मुंबईस ४ ते ५ मीटर आणि खंभातच्या आखातात १० मीटरच्या घरात असतो. ज्या खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे, तिच्यात शिरण्याची वेळ याच चक्राने ठरते.

तिन्ही चक्रे एकाच वेळी अनुकूल असण्याचा अवधी अल्प असतो. त्या अवधीत एका आश्रयातून दुसऱ्यात पोचणे साधले पाहिजे. येथून प्रमेयाचा पहिला उपसिद्धांत मिळतो : आश्रयांतील अंतर अनुकूल अवधीपेक्षा मोठे असेल, तर किनारा दिसत असूनही तो मार्ग तटानुगामी प्रवासास बंद आहे.

४. कोकणातील आश्रयश्रेणी

कोकणकिनारा जवळजवळ दक्षिणोत्तर आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे स्थूलमानाने एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. त्यामुळे येथे बंदरांच्या अक्षांशांतील फरक हेच त्यांचे सागरी मैलांतील स्थूल अंतर ठरते. हर्णै सुमारे १७ अंश ४९ कला, दाभोळ १७ अंश ३५, जयगड १७ अंश १८, रत्नागिरी १६ अंश ५९, विजयदुर्ग १६ अंश ३३, देवगड १६ अंश २२, मालवण १६ अंश ३, वेंगुर्ले १५ अंश ५१. लागोपाठच्या बंदरांतील अंतरे अनुक्रमे १४, १७, १९, २६, ११, १९ व १२ सागरी मैल अशी येतात.

आता दिनचक्राशी तुलना करावी. खारे वारे दुपारच्या सुमारापासून सूर्यास्तापर्यंत म्हणजे सहासात तास उपयोगी पडतात. ताशी ४ सागरी मैल या मध्यम गतीने त्या अवधीत २४ ते २८ सागरी मैल कापले जातात. वरील श्रेणीतील सर्वांत मोठे अंतर २६ आहे. म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्या नौकेस एका दुपारच्या वाऱ्यात पुढचा आश्रय मिळू शकतो.

या जुळणीचा अर्थ लावताना कार्यकारणाची गल्लत होता कामा नये. वाऱ्याने खाड्या खोदलेल्या नाहीत. सह्याद्रीचा माथा किनाऱ्याजवळ असल्याने पश्चिमवाहिनी नद्या आखूड व पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मुखांनी आश्रयांची रांग तयार झाली. ही रांग वाऱ्याच्या अवधीत बसली म्हणून शिडांच्या काळात प्रत्येक मुखावर वस्ती धरली. आश्रयाचे कारण भूरचना, बंदरांच्या दाट ओळीचे कारण आश्रय व वारा यांचा मेळ.

५. आश्रयाचे प्रकार

संरक्षण कोणामुळे मिळते, या निकषावर आश्रयाचे चार प्रकार होतात.

(१) नदीमुखाश्रय. सावित्रीमुखावर बाणकोट, वाशिष्ठीवर दाभोळ, शास्त्रीवर जयगड, वाघोटनवर विजयदुर्ग. गुण : आतील पाणी शांत, तळ चिखलाचा, नांगर पक्का. दोष : मुखाशी वाळू साचते आणि बांधाची जागा दरवर्षी बदलू शकते. हा प्रकार गाळाने मरतो. खाडीच्या वरच्या टोकाचे राजापूर आणि कुंडलिकेच्या मुखावरचे चौल यांचे महत्त्व ओसरण्यात गाळाचा वाटा होता.

(२) भूशिराश्रय. डोंगराची सोंड समुद्रात शिरते आणि तिच्या आड पाणी निवांत राहते. देवगड व रत्नागिरी ही उदाहरणे. गुण : प्रवेश सुलभ, खोली बरी. दोष : संरक्षण एका दिशेपुरते, वारा फिरला की आश्रय उघडा पडतो.

(३) द्वीपाश्रय व खडकाश्रय. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग, मालवणसमोर सिंधुदुर्ग व भोवतालचे खडक. येथे संरक्षक व संहारक एकच असतो. वाट ठाऊक असलेल्यास खडक लाटा अडवितात, नसलेल्यास नौका फोडतात. शिवकालीन जलदुर्गांची स्थाने या दुहेरी गुणावरच निवडलेली दिसतात.

(४) कृत्रिमाश्रय. लाटरोधक बांध घालून किंवा गोदी खणून केलेला. हा स्वतंत्र प्रकार असला तरी बहुधा आधीच्या तीन प्रकारांपैकी एखाद्याची उणीव भरून काढण्यासाठी योजलेला असतो.

६. परकीयत्वाचा विचार

किनारा परका असला की वारा व पाणी यांत भेद पडत नाही. भेद पडतो तो आश्रयाच्या प्राप्तीत. परकीयत्वाचे दोन घटक आहेत : अज्ञान व अनुज्ञा.

अज्ञानाचा परिहार वाटाड्याने होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकावर्णनात बारिगाझा, म्हणजे भडोच, येथील उथळ मुख व भरतीचे भयंकर ओघ वर्णिले आहेत, आणि तेथील राजाच्या सेवेतील कोळी परदेशी नौकांना सामोरे जाऊन आत आणीत, अशी नोंद आहे. आजचे नकाशे, दीपगृहे व तरते पिंप हे त्याच वाटाड्याचे स्थावर रूप होय.

अनुज्ञेचा प्रश्न अधिक गहन आहे, कारण तो निसर्गाने मोकळा ठेवलेला आश्रय बंद करू शकतो. त्याच ग्रंथात कल्याणविषयी उल्लेख आहे : हे बंदर पूर्वी वैध पेठ होते, पुढे सत्ता पालटल्यावर तेथे उतरणाऱ्या ग्रीक नौकांना पहाऱ्यात बारिगाझास नेले जाण्याचा संभव असे. पैठण व तगर येथील माल खडतर मार्गांनी बारिगाझास जात असल्याचेही त्यात म्हटले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेर, जेऊर व मुरूड-जंजिरा ही तिन्ही स्थाने सव्वाअठरा अंशांच्या जवळपास, जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. पश्चिमेस सरळ रेषेत गेल्यास तेरचा माल कोकणात उतरला असता. तो शेकडो किलोमीटर उत्तरेच्या बंदराकडे जात होता. बंदरनगर कोणते ठरावे, हे घाटवाट, सत्ता व अनुज्ञा यांनी निश्चित होते. नजीकपणा त्यांच्यापुढे गौण ठरतो.

अनुज्ञेचे स्वरूप काळानुसार बदलले, तत्त्व टिकले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचे परवाने सक्तीचे केले. पुढे आंग्र्यांनी आपल्या जलक्षेत्रात स्वतःचे परवाने चालविले. सांप्रत १९८२ च्या सागरी कायदाविषयक संयुक्त राष्ट्र करारानुसार किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांपर्यंत राष्ट्राचे सार्वभौमत्व असते. परकीय नौकेस त्यातून निरुपद्रवी गमनाचा हक्क आहे. पण बंदरात उतरण्यासाठी तिने घोषित प्रवेशबंदर गाठावे, पिवळे निशाण चढवून आरोग्य-मुभा मागावी, आणि सीमाशुल्क व पारपत्र यांची तपासणी पुरी करावी, अशी सर्वसाधारण रीत आहे. म्हणून परकीय किनाऱ्यावरील पहिला आश्रय भौगोलिक निकषावर निवडता येत नाही; तो वैधानिक निकषावर निवडावा लागतो. संकटग्रस्त नौकेस आश्रय देण्याची परंपरा या नियमास अपवाद आहे, आणि तो अपवादही आश्रयतत्त्वाचे प्राधान्यच दाखवितो.

७. चार परदेशी बंदरांवर कसोटी

कोकणावरून केलेले वर्गीकरण इतरत्र लागू पडते काय, हे तपासण्यास मराठी वाचकांच्या परिचयाची एक मालिका उपलब्ध आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या नौकाशाळेत बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मार्गात त्यांनी चार बंदरे घेतली : ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली व दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन. ‘तारिणी’ नौकेवरील सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये, आणि दिलना के. व रूपा ए. यांनी २०२४-२५ मध्ये, हीच चार बंदरे योजिली.

फ्रीमँटल हे स्वान नदीच्या मुखावर आहे. मुखाशी चुनखडीचा बांध होता. तो फोडून व तळ उपसून १८९७ मध्ये आतले बंदर खुले झाले. हा नदीमुखाश्रय, दोष मानवी श्रमाने दूर केलेला. तेथेही दुपारी थंड खारा वारा नियमाने वाहतो; रहिवासी त्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. लिटलटन हे मृत ज्वालामुखीचे समुद्राने भरलेले विवर. पोर्ट स्टॅन्ली अरुंद मुखातून आत शिरणारे भूवेष्टित पाणी. ही दोन्ही भूशिराश्रयाची परिपूर्ण रूपे मानता येतील, कारण येथे जमिनीने एका बाजूऐवजी बहुतेक सर्व बाजू अडविल्या आहेत. केपटाउनचा टेबल उपसागर हिवाळ्यातील वायव्य वादळांस उघडा आहे. म्हणून डच काळी हिवाळ्यात जहाजे द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूच्या सायमन उपसागरात ठेवीत, आणि १८६० मध्ये लाटरोधक बांधाचे काम सुरू झाले. हा कृत्रिमाश्रय, दिशाबद्ध संरक्षणाची उणीव भरण्यासाठी केलेला. वर्गीकरण कसोटीस उतरते.

येथे एक शंका संभवते. हजारो सागरी मैलांत चारच मुक्काम पुरतात, तर कोकणात दर १५-२० मैलांवर आश्रयाची गरज का? उत्तर असे की प्रदक्षिणा हे महासागरी नौकानयन आहे. भर समुद्रात वादळ आले तर शिडे आवळून नौकेस वाहू देता येते, कारण आदळण्यास काही नसते. किनाऱ्यालगत तेच वाहणे काही तासांत खडकावर संपते. यावरून प्रमेयाचा दुसरा उपसिद्धांत : किनाऱ्याचे सान्निध्य जितके अधिक, तितका पुढचा आश्रय जवळ हवा. महासागरी प्रवासातही आश्रयाची गरज लोप पावत नाही. सुकाणूतील बिघाडामुळे ‘तारिणी’ला एप्रिल २०१८ मध्ये नियोजनाबाहेर मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात थांबावे लागले.

८. व्यतिरेक : उजनी

अन्वयाने मिळालेले तत्त्व व्यतिरेकाने पडताळावे. प्रवासातून भरतीओहोटी, वाळूचे बांध, परकीय सत्ता आणि मोठे अंतर ही सर्व वजा केली, तर संकटही वजा होते काय? भीमेवरील उजनी जलाशयाचा पाणपसारा जेऊरच्या पश्चिम व दक्षिण बाजूस, करमाळा व इंदापूर या तालुक्यांच्या मध्ये आहे. येथे भरती नाही, खडकांची रांग नाही, परवान्याची सीमा नाही. पैलतीर दिसतो.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडून बुडाली व सहा जणांचा मृत्यू झाला. मार्ग काही किलोमीटरांचाच होता. वळवाचा वारा मोसमी वाऱ्यासारखा आधी वर्दी देऊन येत नाही. ढग दिसणे व झोत पोचणे यांत थोडाच अवधी असतो. वाऱ्याला मोकळा पाणपसारा जितका लांब मिळतो, तितकी लाट मोठी होते, आणि जलाशयाचा मध्यभाग दोन्ही तीरांच्या आडोशाबाहेर असतो. अंतर अल्प असूनही धोका अल्प झाला नाही, कारण उपलब्ध अवधीत पोचता येईल असा आश्रय मध्ये नव्हता. तीर दिसणे व आश्रय असणे यांत मूलतः भेद आहे, हे येथे निर्विवाद ठरते.

९. आक्षेपपरिहार

आक्षेप पहिला : यंत्र आल्यावर हे तत्त्व कालबाह्य झाले. परिहार : यंत्राने वाऱ्याच्या दिशेचे बंधन शिथिल केले, आश्रयाची गरज कायम ठेवली. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही वाफेची बोट १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, बुडाली आणि सहाशेहून अधिक लोक दगावले. तिला शीड नव्हते. ऋतू मात्र तोच होता.

आक्षेप दुसरा : उपग्रहाधारित स्थाननिश्चितीमुळे वाटाड्याची गरज संपली. परिहार : उपग्रह नौकेचे स्थान सांगतो, गेल्या पावसाळ्यात खाडीमुखाचा बांध कोठे सरकला, हे सांगत नाही. नकाशा जितका जुना, तितके अचूक स्थान अधिक फसवे.

आक्षेप तिसरा : आश्रय टिकूनही बंदरनगरे ओस पडली, तेव्हा आश्रय निर्णायक कसा? परिहार : रस्ते वाढले, किनारी आगबोटी थांबल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, आणि अंतर्भागाचा मार्ग बंदरांवरून दूर गेला. आश्रय ही बंदरनगराची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. आरंभीच्या पायऱ्यांच्या क्रमाशी हे सुसंगत आहे.

१०. निष्पत्ती

विवेचनातून चार नियम हाती येतात. (१) मार्गाची आखणी आश्रयांच्या यादीने सुरू करावी व प्रत्येक आश्रयापुढे प्रकार, खोली, तळ, संरक्षित दिशा आणि प्रवेशाची वेळ नोंदवावी. (२) लागोपाठच्या दोन आश्रयांतील प्रवासकाल अनुकूल अवधीच्या आत बसत नसेल, तर तो टप्पा त्या दिवशी वर्ज्य मानावा. (३) परकीय किनाऱ्यावर पहिला आश्रय वैध प्रवेशबंदर असावा, आणि त्याच्या अलीकडे एक आपत्कालीन आश्रय हेरून ठेवावा. (४) बंद जलाशयातही हेच निकष लावावेत.

चौथ्या नियमाचा उपयोग जेऊरच्या परिसरात तत्काळ संभवतो. उजनीच्या प्रत्येक जलमार्गावर वाऱ्याच्या दिशेनुसार आडोशाच्या जागा नेमून त्या खुणांनी दर्शविणे, चैत्र-वैशाखातील दुपारनंतरच्या फेऱ्या आकाश पाहून ठरविणे आणि प्रत्येक प्रवाशास तरणजाकीट देणे, ही कामे अल्प खर्चाची आहेत. पाण्याच्या पातळीबरोबर जलाशयाचा काठ सरकतो, म्हणून आडोशाच्या जागांची यादी दर पावसाळ्यानंतर व पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावर नव्याने करावी लागेल.